पाठीवर वाहिलेला हिमालय

संस्थानी गावांतल्या जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत तपकिरी झाक आलेले एखादे छायाचित्र अजूनही भिंतीवर असते. पगडी घातलेले पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, हातात चांदीच्या मुठीची काठी, मागे रंगवलेला पडदा. खालच्या पुठ्ठ्यावर वळणदार इंग्रजी अक्षरांत छायाचित्रकाराच्या पेढीचे नाव छापलेले असते. सरदार-मानकऱ्यांच्या घरांत आणि राजवाड्यांत हे नाव कधी कधी बोर्न अँड शेफर्ड असे निघते. घरातली मुलेसुद्धा ते नाव वाचून मोठी होतात. पण यातला बोर्न कोण, कुठला, आणि त्याने असे काय केले की त्याच्या नावावर पुढे दीडशे वर्षे दुकान चालले, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही.

खरे सांगायचे तर बोर्नला राजेरजवाड्यांच्या तसबिरींत विशेष गोडी नव्हती. त्याची खरी ओढ डोंगरांची. हिंदुस्थानात तो जेमतेम सात वर्षे राहिला. त्या काळात त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या आणि ज्या उंचीवर तोवर कोणी कॅमेरा नेला नव्हता तिथे तो नेऊन दाखवला. परंतु कॅमेरा नेला म्हणजे काय केले, तो कोणाच्या पाठीवरून गेला, आणि सुखाने गेला की दुःखाने, हा प्रश्न त्याच्या चरित्राला कायमचा चिकटलेला आहे. चित्रांच्या स्तुतीत हा प्रश्न बुडवून टाकणे सोपे. पण मग चरित्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

सॅम्युएल बोर्नचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजी इंग्लंडात, स्टॅफर्डशायर परगण्याच्या सीमेवरच्या शेतकरी वस्तीत झाला. विशीच्या सुमारास तो नॉटिंगहॅम शहरी आला आणि १८५५ साली एका पेढीत कारकून म्हणून चिकटला. खर्डेघाशीची सुरक्षित नोकरी होती. आयुष्यभर तेच करून निवृत्त झाला असता तर आज त्याचे नाव कोणाच्या ओठावर नसते. परंतु त्या सुमारास इंग्लंडात छायाचित्रणाचे नवे वेड पसरले होते आणि बोर्नला त्याची लागण झाली. सुट्टीत कॅमेरा घेऊन तो डोंगर-तळ्यांच्या प्रदेशांत भटके, तिथली चित्रे काढी, आणि स्थानिक छायाचित्रण मंडळाच्या प्रदर्शनांत ती मांडी. १८६२ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याची कामे झळकली. त्यानंतर या माणसाने पेढीच्या खुर्चीला रामराम ठोकला आणि हिंदुस्थानचे जहाज गाठले. जानेवारी १८६३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते.

सत्तावनचा वणवा विझून तेव्हा चार-पाच वर्षेच झाली होती. ज्यांचे पूर्वज त्या काळात ग्वाल्हेर, झांशी, बिठूरच्या आसपास होते अशा मराठी घरांत त्या दिवसांच्या गोष्टी पुढच्या दोन-तीन पिढ्यांपर्यंत दबक्या आवाजात सांगितल्या जात. इंग्रजांच्या मनातही ते ताजेच होते. परंतु त्यांना त्या जागांची चित्रे विकत हवी होती. बोर्ननेही पुढे कानपूर आणि लखनौ येथील त्या स्थळांची छायाचित्रे काढली. तो आपल्या काळाचा आणि आपल्या जातभाईंचा माणूस होता, हे आरंभीच ध्यानात ठेवावे. म्हणजे पुढे जे सांगायचे आहे त्याचा अर्थ नीट लागेल.

कलकत्त्याहून बोर्न सिमल्याला गेला. तिथे विल्यम हॉवर्ड नावाच्या छायाचित्रकाराशी त्याने भागी केली. थोड्याच काळात चार्ल्स शेफर्ड त्यांना येऊन मिळाला आणि हॉवर्ड बाजूला झाल्यावर बोर्न अँड शेफर्ड हे नाव कायम झाले. दोघांनी कामाची वाटणी मोठ्या समंजसपणे केली होती. बोर्नने भटकावे आणि काचेवर चित्रे उतरवून आणावीत; शेफर्डने दुकान सांभाळावे आणि त्या काचांवरून कागदावर देखण्या प्रती काढाव्यात. शेफर्डच्या हाताला छपाईची अशी सफाई होती की जाणकार आजही त्याचे नाव आदराने घेतात. प्रत्येक काचेवर क्रमांक कोरलेला असे, त्यावरून सूचीतले चित्र निवडता येई, आणि विलायतेतला गिऱ्हाईकही घरबसल्या काश्मीर मागवू शके.

आता त्या काळच्या छायाचित्रणाची रीत जरा उलगडून सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय बोर्नचे ओझे कळायचे नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यात आपण गुंडाळी घालतो, छत्तीस चित्रे काढतो, आणि घरी आल्यावर सवडीने धुऊन घेतो. बोर्नच्या वेळी फिल्म नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत सर्वत्र चालू होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा. काच चारी बाजूंनी अलगद कलती करून तो सारखा पसरायचा, आणि जास्तीचा एका कोपऱ्यातून पुन्हा बाटलीत ओघळू द्यायचा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. बाहेर काढली की ती उजेडाला संवेदनशील होते, पण ओली असेपर्यंतच. त्या थोडक्या मिनिटांत ती कॅमेऱ्यात बसवायची, भिंगाचे झाकण काढून काही सेकंद मोजायचे, झाकण लावायचे, धावत अंधारात परत यायचे, आणि काच वाळण्याच्या आत रसायनाने चित्र उमटवून, धुऊन, पक्के करून घ्यायचे. शेवटी आचेवर ऊन करून तिला रोगण चढवायचे. यातली एक पायरी चुकली, वाऱ्याने धुळीचा कण आला, द्राव मध्येच आटला, की सगळी मेहनत पाण्यात.

याचा अर्थ असा की जिथे चित्र काढायचे तिथेच अंधारी खोली हवी. बोर्नची अंधारी खोली म्हणजे जाड कापडाची उंच राहुटी. तिच्या काठ्या, दोऱ्या आणि मेखा, सिल्व्हर नायट्रेटचे पात्र, कोलोडियनच्या आणि ईथरच्या बाटल्या, काच धुण्याची भांडी, पाण्याचे डबे, तीन पायांची घोडी, भिंगे, आणि खाचा पाडलेल्या लाकडी पेट्यांत उभ्या बसवलेल्या काचा, एवढा संसार प्रत्येक मुक्कामाला हलवावा लागे. त्यावर आणखी एक अडचण होती. त्या काळी लहान चित्र मोठे करून छापण्याची सोयीची रीत नव्हती. कागद थेट काचेला भिडवून उन्हात ठेवायचा आणि जेवढी काच तेवढेच चित्र मिळायचे. मोठे चित्र हवे तर मोठी काच हवी, आणि मोठ्या काचेला मोठा कॅमेरा. बोर्नची मोठी काच बारा इंच लांब आणि दहा इंच रुंद असे. अडीच मिलिमीटर जाडीची अशी काच सुमारे अर्धा किलो भरते. म्हणजे शंभर काचांचे पन्नासएक किलो झाले, आणि त्यात पेट्या, कॅमेरा, रसायने अजून धरलेलीच नाहीत. बरे, काच ही जिन्नसच अशी की चढताना सांभाळा, उतरताना त्याहून सांभाळा, आणि ओढ्यात पाय घसरला तर सगळेच गेले.

आम्ही दरबारी गवयांच्या घरातले. मोठ्या तंबोऱ्याचा भोपळा प्रवासात कसा जपतात ते आम्ही पाहिले आहे. गवसणीत घातलेला तंबोरा खांद्यावर घेऊन गर्दीतून चालणारा शागीर्द स्वतः धक्के खातो, पण भोपळ्याला धक्का लागू देत नाही. बोर्नच्या पेट्या अशाच सांभाळून न्यायच्या होत्या. फरक एवढाच की शागिर्दाला त्या तंबोऱ्याच्या सुरात उद्या आपलाही वाटा मिळेल अशी आशा असते, आणि बोर्नच्या हमालाला पेटीत काय आहे याची कल्पनाही नसे.

पहिल्या मोठ्या सफरीला बोर्न २९ जुलै १८६३ रोजी सिमल्याहून निघाला. बरोबर तीसएक हमाल होते. सतलजच्या खोऱ्यातून ईशान्येस सुमारे १६० मैलांवरचे चिनी हे गाव त्याने गाठायचे ठरवले होते. आज याच गावाला कल्पा म्हणतात आणि समोर किन्नर-कैलासाची रांग पाहायला प्रवासी तिथे जातात. त्या दिशेने हिंदुस्थान-तिबेट रस्ता नुकताच काढला होता, पण बोर्नला रस्ता पुरणारा नव्हता. रस्ता सोडून तो वर वर चढत गेला. तारी नावाच्या पंधरा हजार फुटांवरच्या खिंडीत त्याने काच लावली. तिथल्या थंडीत बोटे बधिर होत, पाणी गोठू पाहे, आणि उघड्या हातांनी तर काम करणे भागच. तरी चित्र आले. १२ ऑक्टोबरला तो सिमल्याला परतला तेव्हा त्याच्या पेट्यांत १४७ उत्तम काचा होत्या. दहा-अकरा आठवड्यांत सरासरी रोज दोन चित्रे. आज एका चहाच्या पेल्याला लागेल तेवढ्या वेळात आपण याहून अधिक चित्रे टिपतो. तेव्हा या दोन चित्रांमागे केवढी तयारी असे हे मनात आणून पाहावे.

दुसरी सफर काश्मीरची. १७ मार्च १८६४ रोजी लाहोरहून निघून तो कांगडा, बैजनाथ, धरमसाला, डलहौसी, चंबा असे डोंगर ओलांडत काश्मीरच्या खोऱ्यात उतरला आणि श्रीनगर, सिंधचे खोरे, बारामुल्ला, मरी असे फिरून नाताळच्या सुमारास लखनौला पोहोचला. नऊ महिने झाले. या वेळी हमाल बेचाळीस होते, आणि खेरीज दांडीला खांदा देणारे सहा भोई. दांडी म्हणजे डोंगरी प्रदेशातली झोळीसारखी पालखी. म्हणजे वाट अवघड झाली किंवा साहेबांचे पाय दमले की कॅमेऱ्याबरोबर साहेबही ओझ्यात जमा.

काश्मीरवर मात्र त्याचा जीव जडला. हिमालयाच्या मुख्य रांगांबद्दल त्याची एक तक्रार होती आणि ती ऐकून आपल्याला हसू येईल. ते डोंगर फार मोठे आहेत, चौकटीत मावत नाहीत. पायथ्याशी इंग्लंडातल्यासारखे शांत तळे नाही, झुकलेले झाड नाही, चित्राला लागणारा देखणेपणा नाही, असे त्याला वाटे. विलायतेतल्या चित्रकारांनी शिकवलेल्या नजरेने तो पाहत होता. काश्मीरात दल सरोवर, चिनार, झेलमचे पूल, पाण्यातली प्रतिबिंबे असे सगळे मिळाले आणि त्याचा कॅमेरा थांबेना. परंतु गंमत अशी की आज जाणकार ज्या चित्रांपुढे थबकतात त्यांत तळी-झाडांबरोबरच ती न मावणारी, उजाड, अजस्र शिखरेही आहेत. चौकटीत मावत नाही असे म्हणत म्हणत त्याने हिमालय चौकटीत बसवला.

तिसरी आणि सर्वांत मोठी सफर १८६६ सालची. ३ जुलैला सिमल्याहून निघताना डॉक्टर प्लेफेअर नावाचे एक गृहस्थ बरोबर होते आणि हमाल ऐंशी. ऐंशी माणसे! आपल्याकडे लग्नाची वरात निघते तिलाही कधी इतकी माणसे नसतात. कुलू, लाहूल, कुंझमची खिंड, स्पितीचे ओसाड खोरे, असे करत ही फौज मणिरंगच्या खिंडीपाशी आली. बोर्नच्या हिशेबाने खिंडीची उंची १८,६०० फूट. या उंचीवर पाठीवर काही नसतानाही दोन पावलांनी धाप लागते. त्या विरळ हवेत काचांच्या पेट्या, राहुटी, पाणी आणि रसायने वर आली, राहुटी उभी राहिली, आणि बोर्नने तीन काचा उतरवल्या. पुढची वीसएक वर्षे एवढ्या उंचीवर दुसऱ्या कोणी छायाचित्र काढले नव्हते. जगातल्या छायाचित्रणाच्या इतिहासात या तीन काचांची नोंद आहे.

तिथून तो बास्पाच्या खोऱ्यात आणि पुढे गंगोत्रीच्या हिमनदीकडे वळला. गंगेचे जे मुख गोमुख म्हणून प्रसिद्ध आहे त्याचे छायाचित्र त्याने घेतले. आपल्या घरांतल्या देव्हाऱ्यात झाळून बंद केलेला गंगेचा गडू असतो. कोणा आजोबांनी काशी-गंगोत्रीची यात्रा पायी करून तो आणलेला असतो. ती यात्रा ज्यांनी केली त्यांना गोमुखाचे रूप डोळ्यांत साठवून आणावे लागले, आणि घरी आल्यावर शब्दांत सांगावे लागले. बोर्नने ते काचेवर आणले. यात्रेकरूचा गडू त्याच्याच हातात असे. बोर्नची काच दुसऱ्याच्या पाठीवर होती.

आणि इथेच त्या मूळ प्रश्नाकडे यावे लागते. या हमालांना कोणी आणले आणि कसे? सिमल्याच्या आसपासच्या डोंगरी संस्थानांत बेगारीची चाल होती. आपण जिला वेठ म्हणतो तीच. साहेबाची स्वारी यायची असली की गावच्या मुख्याला फर्मान सुटे, आणि त्याने अमुक माणसे ओझ्याला हजर करायची. मजुरी मिळाली तर थोडी. नाही म्हणण्याची सोय नाही. बोर्नच्या सफरी नेमक्या शेताच्या दिवसांत. डोंगरातला उन्हाळा तोकडा असतो. पीक काढायचे, गवत कापायचे, लाकूड साठवायचे, सगळे त्याच चार महिन्यांत. घरचा कर्ता माणूस त्या दिवसांत काचांच्या पेट्या घेऊन अनोळखी खिंडीकडे गेला तर मागे शेताचे काय होत असेल, हे खेड्याशी संबंध असलेल्या कोणालाही सांगायला नको. अशी माणसे संधी मिळताच ओझे टाकून पळत, यात नवल ते काय?

बोर्नने आपल्या सफरींच्या हकीकती ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी या लंडनच्या नियतकालिकात १८६३ ते १८७० या काळात क्रमाने छापल्या. त्यांत त्याने काही लपवले नाही. एकदा हमालांनी ओझी रस्त्यात टाकली आणि ते जवळच्या वस्तीत दडून बसले. तेव्हा हा गृहस्थ हातात जाडजूड काठी घेऊन गावात शिरला, घरांत लपलेली माणसे हुडकून काढली आणि त्यांच्या अंगावर काठी चालवली. ही गोष्ट त्याने मोठ्या फुशारकीने सांगितली आहे. वाचणाऱ्या इंग्रजाला ती गमतीची वाटेल अशी त्याची खात्री होती, आणि बहुधा वाटलीही असेल. जो हात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सांडू नये म्हणून इतका हळुवार चाले, त्याच हाताने ही काठी उचलली. देवदाराच्या एकेका फांदीवरचा उजेड ज्या नजरेने टिपला, तिला समोरच्या माणसाच्या अंगावरचे वळ दिसले नाहीत.

यावर कोणी म्हणेल की त्या काळी सगळेच असे वागत. ते खरे आहे, आणि पुरेसे नाही. सगळे असे वागत म्हणून तर चाल टिकली. आणि ज्यांच्या पाठी दुखत होत्या त्यांनी ती पुढे मोडलीही. सतलजच्या वरच्या अंगाला, त्याच हिंदुस्थान-तिबेट रस्त्याच्या परिसरात कोटगढ आहे. तिथे स्थायिक झालेले मूळचे अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद झाले, त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन या बेगारीविरुद्ध झुंज दिली आणि १९२१ मध्ये त्या भागात तिचा कणा मोडला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या यात्रेत, कुमाऊँमधल्या बागेश्वरला जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या सरयूच्या पाण्यात सोडून दिल्या. दोन सॅम्युएल, एकच डोंगर. एकाने हमालाच्या पाठीवर ओझे ठेवले, दुसऱ्याने ते उतरवायला हात लावला. इतिहास कधी कधी अशी जोडी जुळवतो.

तरीही बोर्नला नुसते साहेब म्हणून फेटाळणे न्यायाचे होणार नाही. कष्टांत तो स्वतः मागे नव्हता. राहुटीत ईथरच्या वाफांनी डोके गरगरे, खाली उष्ण खोऱ्यांत कापडाच्या आत अंग भाजून निघे, वर खिंडीत बोटे काम करीनात. ते काम मात्र दुसऱ्याच्या हातून करवून घेण्यासारखे नव्हते, आणि त्याने ते केले. एकेका चित्रासाठी तो ढग हटायची, वारा पडायची वाट पाहत बसे. घाईने काढलेले चित्र त्याला खपत नसे. सात वर्षांत त्याच्या हातून सुमारे २,२०० काचा झाल्या आणि त्यांत टाकाऊ फार थोड्या. गाण्यात जसे चार स्वर कमी लागले तरी चालतील, पण लागलेला स्वर हलता कामा नये, तशीच याची शिस्त होती. विद्यार्थ्यांपुढे ठेवावी अशीच ती आहे.

१८६७ साली तो विलायतेत जाऊन लग्न करून आला. पुन्हा काही काळ त्याने हिंदुस्थानात प्रवास केले, पण हिमालयाची तशी मोठी सफर पुन्हा घडली नाही. १८७० च्या अखेरीस त्याने हा देश कायमचा सोडला. काचा पेढीतच राहिल्या आणि कॉलिन मरे नावाच्या छायाचित्रकाराने त्याची जागा घेतली. नॉटिंगहॅमला परतल्यावर बोर्नने मेव्हण्याबरोबर सुताचा कारखाना काढला आणि त्यात चांगला जम बसवला. गावात त्याला मानद न्यायाधीशाचा मान मिळाला. छायाचित्रण हौसेपुरते उरले, आणि फावल्या वेळी तो जलरंगांत निसर्गचित्रे रंगवी. ज्या माणसाने ऐंशी माणसांच्या पाठीवर हिमालय वाहून आणला, त्याला म्हातारपणी एक रंगाची पेटी आणि एक कुंचला पुरला. ही पेटी तो स्वतःच उचलीत असणार.

दैवाचा विनोद पाहा. बोर्न परतला आणि १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत प्रसिद्ध केली. दहा वर्षांच्या आत कोरड्या काचा बाजारात विकत मिळू लागल्या. घरी तयार काच घ्यावी, डोंगरावर चित्र टिपावे, आणि परत येऊन धुवावे. अंधाऱ्या राहुटीची गरजच संपली. १८८८ मध्ये ईस्टमनचा गुंडाळीचा कॅमेरा आला आणि काचही पुष्कळांना नकोशी झाली. बोर्नच्या सफरी पंधरा-वीस वर्षे उशिरा झाल्या असत्या तर ऐंशीतले कितीतरी हमाल आपल्या शेतावर राहिले असते. यंत्राने माणसाचे ओझे हलके होते ते असे. मात्र हलके झालेले ओझे कोण उचलणार, हे यंत्र ठरवत नाही.

आजकाल आपल्या गावची तरुण मंडळी जुने फिल्मचे कॅमेरे हौसेने दुरुस्त करून घेतात आणि हिमालयात पदभ्रमणाला जातात. त्यांच्यातल्या अनुभवी मुलांनी जे सांगितले ते बोर्नच्या हिशेबाशी ताडून पाहण्यासारखे आहे. जड वस्तू पाठीशी घट्ट आणि खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीला ठेवावी, म्हणजे ती मागे ओढत नाही. पिशवीचा रुंद पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट आवळावा, म्हणजे भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो. कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवला तर चढावर छातीवर आपटत राहतो. तो छातीशी बांधून घ्यावा. फिल्मच्या गुंडाळ्या कोरड्या कपड्यांच्या मधोमध ठेवाव्यात. आणि मुख्य म्हणजे भिंगे दोनच घ्यावीत. घरी राहिलेल्या भिंगाची चुटपुट दोन दिवसांत जाते, पाठीवरच्या जास्तीच्या भिंगाची आठ दिवस जात नाही. बोर्नने दुसऱ्यांच्या पाठीवर हा हिशेब केला, म्हणून त्याची यादी लांबली. आपल्या पाठीवर करायचा असला की यादी आपोआप आखूड होते. आणि वाटेत कोणा स्थानिक माणसाने आपली पिशवी उचललीच, तर ती आधी स्वतः उचलून पाहावी, रास्त मजुरी द्यावी, आणि त्याचे नाव विचारावे.

सॅम्युएल बोर्न २४ एप्रिल १९१२ रोजी नॉटिंगहॅमला वारला. त्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर १९११ मध्ये, दिल्लीला बादशहाचा दरबार भरला होता. आपल्या इकडची संस्थानिक मंडळी झाडून तिथे गेली होती, आणि दरबाराची अधिकृत छायाचित्रे बोर्न अँड शेफर्डनेच काढली. बोर्नला त्या पेढीतून बाहेर पडून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. नाव मात्र चालत होते. पुढे कलकत्त्याच्या त्या प्रसिद्ध इमारतीत १९९१ साली आग लागली आणि जुन्या काचांचा व कागदपत्रांचा मोठा साठा जळाला. २०१६ साली दुकानाने कायमचे दार लावले. सुदैवाने बोर्नच्या चित्रांच्या शेफर्डने छापलेल्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत सुरक्षित आहेत.

त्या प्रती कधी पाहायला मिळाल्या, निदान एखाद्या ग्रंथात छापलेल्या पाहिल्या, तर नजर शिखरावर जाऊन झाली की जरा खाली आणावी. पुष्कळ चित्रांत पुढल्या खडकावर, बर्फाच्या कडेला किंवा देवदाराच्या बुंध्याशी एक माणूस बसलेला असतो. डोंगर केवढा आहे त्याचे माप कळावे म्हणून बोर्नने त्याला तिथे बसवलेले असते. तो टिंबाएवढा दिसतो आणि चेहरा ओळखू येत नाही. प्रतीखाली स्थळ आहे, क्रमांक आहे, छायाचित्रकाराचे नाव आहे. या माणसाचे नाव नाही. काच फुटू न देता वर आणणाऱ्यांपैकीच तो कोणी असू शकेल. डोंगराचे माप म्हणून त्याला बसवले होते; कामाचे माप काढायचे झाले तरी त्याच्याचपासून सुरुवात करावी लागेल.